पुढचं डावं चाक

या सदरातले अनुभव मी वाचते, पण पान उलटताना मनात थोडं हसतेही. आमच्या इंग्रजी शाळेत भुताचं नाव काढलं तर बाई वर्गाबाहेर उभं करीत, आणि घरी वडील डॉक्टर. अंगात आलेल्या बाईचासुद्धा ते आधी ताप बघतात. तेव्हा हे भुताबद्दल आहे असं मी म्हणत नाही. हे एका जुन्या मोटारीच्या चाकाबद्दल आहे… एवढंच मला खात्रीनं म्हणता येतं.

आमचं घर सोलापुरात, सात रस्त्याच्या थोडं पुढे. कंपाउंडात एक पत्र्याची शेड आहे, तिथे पूर्वी बाबांच्या टांग्याचा घोडा असे. आता तिथे मोटार आहे, आणि ती आली अक्कामुळे.

अक्का माझी थोरली बहीण, टेंभुर्णीला दिलेली. पहिल्या वेळी तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं म्हणून बैलगाडीनं कुर्डुवाडी स्टेशन गाठलं, तिथून रेल्वेनं सोलापूर. घरी पोचली त्याच रात्री पोटात दुखायला लागलं आणि मूल गेलं. बाबा म्हणत, गाडीच्या हिसक्यांचा संबंध असेलच असं नाही. पण त्यानंतर त्यांनी घरात ‘बैलगाडी’ हा शब्द कधी काढला नाही. पुन्हा दिवस राहिल्याचं कळलं तसे ते उठले आणि एका वारलेल्या वकीलसाहेबांची जुनी मोटार घेऊन आले. वकीलसाहेब गेल्यापासून ती त्यांच्या बंगल्यामागे पडून होती. त्यांचा ड्रायव्हर तर त्यांच्याही आधी तापानं गेलेला.

अक्काच्या सासूबाईंचा एकच निरोप होता : सातव्यात न्या. आठवा लागला की गर्भारशीनं गावची वेस ओलांडायची नाही. म्हणजे सातवा सरायच्या आत मोटार रस्त्यावर यायला हवी होती. नाहीतर अक्का तिकडेच अडकणार, आणि तिकडे एका म्हाताऱ्या सुईणीशिवाय कोणी नाही.

मोटार दुरुस्त करायला उस्मान मिस्त्री येत. काम चांगलं, तोंड त्याहून मोठं. मी व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसे आणि पुस्तकाआडून सगळं बघे. त्यातून जे कळलं ते सांगते, कुणाला उपयोगी पडेल. जुन्या गाडीची गादी उचलून आधी खाली उंदरांची घरटी आहेत का बघावं. आमच्यात होती. टपाचं कापड भर उन्हात ताणू नये, फाटतं. पेट्रोल मऊ चामड्यातून गाळून ओतावं. आणि हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा, मूठ वळून धरू नये, कारण इंजिन उलटा झटका देतं. हे उस्मान मिस्त्रींनी बाबांना दोनदा बजावलं आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःचा अंगठा सुजवून आले.

“कसं झालं?” बाबांनी विचारलं.

“कैसा क्या, डॉक्टरसाब… शिकवायला गेलो ना! करके दाखवलं, असं करायचं नाही म्हणून.”

बाबा इतके हसले की मीही पुस्तकाआड हसले.

पण चाकांचं काम हसण्यासारखं नव्हतं. या मोटारीची चाकं लाकडी आऱ्यांची आहेत. सोलापूरच्या मे महिन्यात लाकूड असं सुकतं की आरे मधल्या तुंब्यात सैल होतात आणि गाडी ढकलली तरी कुरकुरतात. उस्मान मिस्त्रींनी इथले गाडीवान करतात तेच केलं. चारही चाकांना गोणपाट गुंडाळून पाणी मारत राहिले. लाकूड फुगलं, आरे घट्ट बसले, कुरकुर थांबली. मग घाईघाईनं वरून पिवळा तेलरंग चढवला.

“नवरीसारखी सजवली,” म्हणाले, “आता पाण्याचं काम नक्को.”

जायच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी मी शेडमध्ये गेले, तर पुढचं डावं चाक ओलं होतं. दव पडावं तसं नाही… चांगलं भिजलेलं, आऱ्यांवरून थेंब ओघळताहेत आणि खाली मातीत ओला डाग. बाकीची तिन्ही कोरडी.

पाण्याच्या टंचाईचे दिवस होते. आड तळाला गेला होता. आईनं पाणी भरणाऱ्या गंगूबाईला बोलावलं.

“म्या कशाला घालू चाकाला पानी?” गंगूबाई भडकली. “हितं मानसाला प्याया न्हाय, आन् मोटारीला अंगूळ? मिस्त्रीला इचारा की!”

मिस्त्री त्या दिवशी आलेच नव्हते. मग आईनं माझ्याकडे बघितलं. मी कमी बोलते, त्यामुळे घरात काही झालं की संशय आधी माझ्यावर येतो. मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी उठले. शेडला कुलूप होतं, किल्ली बाबांच्या कोटात. ती हळूच काढून आणली, कुलूप उघडलं… चाक ओलं. आडाकडे जाऊन दोर चाचपला, कोरडा खडखडीत. बादली पालथी, तीही कोरडी. शेडच्या धुळीत आदल्या दिवसाची आमचीच पावलं तशीच होती, त्यांवर दुसरं पाऊल नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. लाकडात मुरलेलं पाणी उष्णतेनं बाहेर येत असेल. पण पाणी तर चारही चाकांना सारखंच मारलं होतं. मग एकच का? आणि जमिनीवर डाग पडेल इतकं? दिवसभर कशात लक्ष लागेना. भरतकाम घेतलं, उसवलं. जेवताना आईनं दोनदा हाक मारली ती ऐकू आली नाही. कुणाला सांगावं असं वाटे, पण काय सांगायचं? चाक ओलं होतं, एवढंच? रोज सकाळी मी जाऊन बघे, रोज ते ओलं असे, आणि आईच्या नजरेला पडायच्या आत मी ते फडक्यानं पुसून टाकी. पुसता पुसता एक गोष्ट लक्षात आली. त्या चाकाचा रंग तुंब्याजवळ फुगायला लागला होता, पोळल्यावर कातडीला फोड येतो तसा.

निघायचा दिवस उजाडला. सातवा महिना त्याच आठवड्यात सरणार होता. आईनं मोटारीला हळदकुंकू वाहिलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. पुढच्या डाव्या चाकाखालचं लिंबू ओल्या मातीत रुतलं. आईनं ते बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.  उस्मान मिस्त्री इंजिन सुरू करायला हँडलाशी वाकले.

“बाबा,” मी म्हणाले, “हे चाक काढून बघा.”

सगळे थांबले. इतक्या माणसांसमोर मी क्वचितच बोलते.

“आत्ता?” आई म्हणाली. “वेळ बघून निघायचंय कुसुम, हे काय भलतंच!”

“बेटी, चाक एकदम फस्टक्लास है,” मिस्त्री म्हणाले. “मी स्वतः रंगवलंय.”

बाबांनी हातातली टोपी बॉनेटवर ठेवली. “का गं?”

ओल्या मातीबद्दल मी बोलले नाही. एवढंच म्हटलं, “रंग फुगलाय.”

बाबा खाली बसले. रोग्याच्या पोटावर दाबावं तसं त्यांनी त्या फोडावर दाबलं. रंगाची साल निघून हातात आली. खाली लाकूड नव्हतं, भेगा बुजवायची पांढरी लांबी होती. कुणी कधी भरली होती देव जाणे. मिस्त्रींनी जुना रंग न खरवडताच वर नवा दिला होता. बाबांनी चाकूच्या टोकानं लांबी उकरली तर आत आरा आडवा तडकलेला. शेजारचे दोन बोटानं हलत होते. ओल्या लाकडावर रंग चढवला, मग उन्हानं लाकूड आतल्या आत आक्रसलं, आणि वरून मात्र सगळं नवरीसारखं.

“तौबा…” मिस्त्री मातीत बसलेच. “सीना नदीच्या उतारावर गेलं असतं हे.”

आईनं तोंडाला पदर लावला. तिच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही डोळ्यांसमोर तेच होतं : येतानाचा उतार आणि मागच्या गादीवर अक्का.

त्या दिवशी निघणं झालं नाही. टेंभुर्णीला तार केली. सासूबाईंचं उत्तर आलं की उद्या सूर्यास्तापर्यंत, मग नाही. सुतार आला, चाक उलटंपालटं करून म्हणाला, “व्हईल की. बाभळीचं जुनं लाकूड हाय माज्याकडं, लई वाळल्यालं. पन रंग लावायचा न्हाय, सांगून ठिवतो.” मिस्त्री दिवसभर त्याच्यासमोर उकिडवे बसून तो मागेल ते हत्यार मुकाट्यानं हातात देत होते. संध्याकाळी बिनरंगाचे तीन आरे घेऊन चाक परत बसलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मीही गेले. दुपारी पोचलो, लगेच ओटी भरून घेतली आणि उन्हं कलायच्या आत अक्काला घेऊन वेशीबाहेर पडलो. सीनेचा उतार आला तेव्हा बाबांनी गाडी इतकी हळू घेतली की शेजारून शेरडं पुढे गेली. अक्का हसून म्हणाली, “बाबा, मी काय काचेची आहे का?”  मी सगळा वेळ बाहेर वाकून पुढच्या डाव्या चाकाकडे बघत होते. ते नुसतं फिरत होतं. त्या सकाळी ते कोरडं होतं, आणि त्यानंतर कोरडंच राहिलं.

अक्काला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं करायला मी वकीलसाहेबांच्या बायकोकडे गेले, त्यांची मोटार म्हणून. बोलता बोलता सहज विचारलं, तुमचा ड्रायव्हर कसा होता?

“मल्लप्पा होय? फार लाजाळू गं,” त्या म्हणाल्या. “अक्कलकोटकडचा, कानडी. मराठी यायची, पण साहेबांसमोर तोंड उघडायचं नाही. चाकात काही खोट वाटली तर सांगायचा नाही. सकाळी ते चाक तेवढं भिजवून ठेवायचा. साहेब बघणार, ‘हे ओलं का रे?’ म्हणणार, मग हा सांगणार. रोजची तऱ्हा! आणि निम्म्या वेळा चाकात काही निघायचंही नाही. साहेब इतके चिडायचे…”

मी चहा अर्धाच सोडून उठले. हळदकुंकू घेतलं आणि घरी आले. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. त्यांनीही मला पुन्हा विचारलेलं नाही की रंग फुगलेला तू बघायला कशाला गेली होतीस.

या गोष्टीचा अर्थ मला अजून लागलेला नाही. रंगाच्या फोडाचं कारण सांगता येतं, तडकलेल्या आऱ्याचं येतं. पाण्याचं येत नाही. कुणा वाचकाला साधं, पटण्यासारखं कारण सुचलं तर मला हवंच आहे, आणि जरा लवकर हवं आहे. कारण आज सकाळी मागचं उजवं चाक ओलं होतं. उद्या बाबा अक्काला आणि बाळाला टेंभुर्णीला पोचवायला निघणार आहेत. आई लाडू बांधते आहे, मोटार पेट्रोल भरून तयार आहे, चाकाचा रंग कुठेही फुगलेला नाही.

निम्म्या वेळा काही निघायचं नाही, हे मला माहीत आहे. तरी मी सुताराकडे निरोप धाडला आहे. तो येईल, बाबा विचारतील ‘का गं?’… आणि या वेळी दाखवायला माझ्याकडे ओल्या चाकाशिवाय काही नाही. म्हणून आज मी ते पुसलेलं नाही.