शुक्रवारची झोप मंगळवारीच लिहिली

"ही फिट होती. अपस्मार आहे का, ते एवढ्यात सांगता येणार नाही," विश्रामबागेतले मेंदूचे डॉक्टर म्हणाले. मी पहिलं काय विचारलं? पुन्हा जहाजावर जाता येईल का. शेजारी बसलेल्या बायकोनं, वैशालीनं, माझ्याकडं डोळे वटारून बघितलं.

मी मोटरमन, म्हणजे जहाजाच्या इंजिनरूममध्ये तेल, पंप, गाळण्या बघणारा माणूस. गाव पलूस. सात महिने तेलवाहू जहाजावर काढून घरी आलो आणि अकराव्या दिवशी सकाळी द्राक्षबागेत पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवताना कोसळलो. मला काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा जीभ चावलेली होती, अंग ठेचून काढल्यासारखं दुखत होतं आणि वैशाली माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होती.

मग तपासण्या. एमआरआय, म्हणजे मेंदूचे आतले फोटो. मशीनच्या त्या ठणठणाटात मला गाढ झोप लागली. असा पेशंट पहिल्यांदाच बघतोय, म्हणाला तिथला माणूस. ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून काढलेला मेंदूतल्या विजेचा आलेख. एमआरआय स्वच्छ, ईईजीत थोडी शंका. प्रत्येक वेळी पलूसहून एसटीनं यायचं, नंबर लावायचा आणि बसायचं. लय कंटाळा यायचा.

अपस्मार असं कागदावर आलं की समुद्र बंद, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. बारा वर्षं दुसरं काही केलेलं नाही. बाग धाकट्या भावाची. मी काय करणार होतो?

डॉक्टरांनी झोपेचं विचारलं. मी म्हणालो, जहाजावर रोज दहा तास विश्रांती, रेकॉर्ड आहे. खोटं बोलतोय असं मला वाटलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. झोप पुरेशी असूनही फिट येते, तर गोळ्या सुरू कराव्या लागतील, असं म्हणाले. त्याआधी एक तक्ता दिला. रोज किती झोपलो ते दोन आठवडे लिहायचं.

आता त्या रेकॉर्डचं सांगतो. जहाजावर प्रत्येकाच्या विश्रांतीचे तास कॉम्प्युटरवर भरायचे असतात. नियमापेक्षा कमी भरले की चौकट लाल होते, आणि लाल दिसलं की बंदरात चौकशी. म्हणून हिरवी होईपर्यंत आकडे बदलायचे. माझा हात त्यात बसलेला, त्यामुळं अख्ख्या इंजिनरूमचे तास मीच भरायचो, महिन्याचे एका बैठकीत. खरं म्हणाल तर बंदरात माल उतरवताना, टाक्या धुताना, सलग तीन तास पाठ टेकली तर नशीब. केबिनमधला अलार्म कधीही वाजायचा. घरी आल्यावरही कान त्याच्याकडंच लागलेले. अंथरुणात पडून राहायचो, झोप यायची नाही.

तक्ता मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी चहा घेत बसलो आणि पेन घेऊन भरून टाकला. सात, आठ, साडेसात, आठ. सगळं एकसारखं दिसू नये म्हणून मध्ये एक साडेसहा. सवय ती सवय. वैशाली भाजी निवडत होती. तिनं कागद ओढून घेतला.

"आवं, आज मंगळवार हाय," ती म्हणाली. "तुमी शुक्रवारची झोप आजच लिवलीसा?"

मी हसलो. ती हसली नाही. "तुमी झोपत न्हाई, मला म्हाईत हाय. डॉक्टरला का फसवताय?"

लाज वाटली. इंजिनरूमच्या उष्म्यातही कधी असा घाम फुटला नव्हता.

पुढच्या एसटीनं तिनं मला पुन्हा विश्रामबागेत नेलं. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, लाल चौकटीसकट. त्यांनी आधी लिहून घेतलेलं काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "तुमच्या त्या दहा तासांवर विसंबून मी तुम्हाला वर्षानुवर्षांच्या गोळ्या देणार होतो."

ही प्रोव्होक्ड सीझर असू शकते, असं त्यांनी समजावलं. म्हणजे कशानं तरी चिथावलेली फिट, माझ्या बाबतीत झोपमोडीनं. अपस्मार असं त्यांनी लिहिलं नाही, गोळ्याही सुरू केल्या नाहीत. पण सहा महिने जहाज नाही, गाडी नाही, उंचावर चढणं नाही, आणि मग पुन्हा ईईजी. पुढं समुद्रावर जाता येईल का, ते अजून कुणालाच माहीत नाही. मी रोज बागेत बसतो आणि थकवा हळूहळू अंगातून उतरताना बघतो. काल साडेपाच तास झोपलो. खरे.

तुमच्या घरचं कुणी जहाजावर असेल तर पोचलास का, जेवलास का विचारता, तसं झोपलास किती तेही विचारा. आणि पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. वैशालीनं ठेवला नाही म्हणून मी हे लिहितोय.

परवा जहाजावरून मेसेज आला. माझ्या जागी चढलेला मोटरमन, खंडाळ्याचा, माझ्याच वयाचा. "गड्या, तास भरतोय. चार दिवस लाल येतंय. हिरवं कसं करायचं, सांग की."

मी त्याला विचारलं, झोपलास किती? उत्तर आलं, "तीन."

मी लिहिलं, "मग तीनच भर. लाल येऊ दे."