माळावरची सरळ रेघ

करणी-भानामतीच्या विरोधात पत्रकं लिहून सांगलीच्या एस.टी. स्टँडवर वाटणारी मुलगी मी. अमावस्येला पिंपळाखाली बसून मुद्दाम भाकरी खाल्लेली आहे — चवीत काही फरक नव्हता. म्हणूनच हे छापायला देताना हात अडखळतो. पण झालं ते भर दुपारी, गावादेखत झालं… आणि दडवणं हाही खोटेपणाच.

आमचं गाव कवठे महांकाळच्या पुढं. दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. गावामागच्या माळावर एक साहेब हवामानाचं यंत्र घेऊन आले. पत्र्याची खोली, आणि बाहेर छातीएवढ्या उंचीवर, आभाळाकडं तिरकं तोंड केलेला मोठा कर्णा. हवेतल्या बाष्पातून, ढगांतून अगदी क्षीण सूक्ष्मलहरी निघत असतात. कर्णा त्या गोळा करतो आणि खोलीतलं पेन फिरत्या कागदावर रेघ ओढतं. कोरं आभाळ थंड, म्हणून रेघ खाली. ढग आला की रेघ वर. यंत्र आभाळाला काही करत नाही, नुसतं ऐकतं.

साहेबांना हाताखाली एक माणूस हवा होता. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, घर हाकेवर. जागा मिळाली वसंताला! माझ्या साताऱ्याकडच्या आत्याचा मुलगा, मॅट्रिक, सैन्यात वायरलेसवर होता, नुकताच सुटून आलेला. साहेब मला म्हणाले, "माळावर एकट्या मुलीला कसं ठेवायचं?"

वसंता राहायचा आमच्याच घरी. माझ्या आईच्या हातचं जेवून, खिशात स्क्रू-ड्रायव्हर खोचून सायकलवर टांग मारायचा, आणि माझ्या पोटात आग पडायची. हेवा म्हणा. मी त्याला अन्याय म्हणत होते — आणि तो होताच.

तशात गावात उठलं की यंत्र ढग पिऊन टाकतंय. लोक कर्णा उपटायच्या गोष्टी करू लागले. मी पत्रक काढलं : 'या आणि स्वतः तपासा!' साहेबांनी परवानगी दिली. नोकरी कुणाला नाकारली ते त्यांनी एकदा डोळ्यांनी बघावं, हाही माझा हेतू होताच.

रविवारी दुपारी सगळं गाव माळावर. आभाळात ढगाचा ठिपका नाही. मी दगडावर चढून सांगितलं, "माणसाचं अंग आभाळापेक्षा गरम. कर्ण्यापुढं उभं राहा, पेन वर जाईल. गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष, यंत्राला सगळे सारखे!"

पत्र्याच्या पेट्या करणारे गफूरचाचा आधी उभे राहिले. रेघ टेकाडासारखी वर गेली. मग त्यांनी शेळी उचलून धरली.

"आवं, माझ्यापरास शेळीचं टेकाड मोठं आलं की!"

माळ हसला. भीती अशी जाते! वसंताचंही भलं दांडगं टेकाड उठलं. मग तो पेनापाशी जाऊन बसला आणि मी कर्ण्यापुढं उभी राहिले.

"शाले, उभी हायस का गेलीस घरी?" आतून त्याचा आवाज.

"डोळे फुटले का तुझे?"

"रेघ सरळ हाय गं! कोरं आभाळ दावतंय."

मी कर्ण्याला अगदी खेटले. सरळच. साहेब बाहेर आले, माझ्याकडं बघितलं, आत गेले, परत आले. बांगड्या उतरवायला लावल्या. वसंताला उभं केलं — टेकाड. मला — सरळ रेघ. शेवटी औषधांच्या पेटीतला थर्मामीटर माझ्या तोंडात दिला. ताप नाही, गारठाही नाही, चारचौघांसारखं अंग.

"वायर सैल असेल," साहेब म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

गफूरचाचा जवळ आले. "पोरी, मनाला लावून घिऊ नगंस. यंत्रच हाय ते."

यंत्राला सगळे सारखे, हे मीच मघाशी ओरडून सांगितलं होतं…

त्याच आठवड्यात वसंतानं भरलं ताट बाजूला सारलं. "गेली माझी नोकरी."

माळाची धूळ कर्ण्याच्या तोंडावर बसते, ती दिवसभर पुसावी लागते. वसंता पुसायला गेला की कागदावर टेकाड, आणि तेवढी नोंद वाया.

"सायेब म्हणत्यात, शालनला बोलवा. ती पुसंल तर रेघ मोडत न्हाई. लय नशिबाची हायस बाई."

"आणि एकटी मुलगी माळावर?"

"त्ये इसरलं बघ त्यास्नी."

वसंता कुपवाडला कारखान्यात लागला. मी इथं. मला हवी होती तीच नोकरी, आणि मिळाली ती माझ्या शिक्षणामुळं नाही, जे मी मानूच शकत नाही त्यामुळं. वायरी बदलल्या, कर्णा बदलला, बाहेरून आणखी एक तज्ज्ञ येऊन गेले. कुणालाच उलगडा झाला नाही. मलाही नाही.

साहेब माझ्या नोंदींचं कौतुक करतात. इतकी स्वच्छ रेघ दुसऱ्या कुठल्याच केंद्रावरून येत नाही म्हणे. खोलीत कोणी नसलं की मी सुरुवातीच्या कागदाची गुंडाळी उलगडते. त्यात जागोजागी वसंताची टेकाडं आहेत — इथं धूळ पुसली, इथं उगाच डोकावला, इथं विडी ओढत उभा राहिला. माझ्या गुंडाळ्यांत नुसतं आभाळ आहे.

त्याची नोकरी माझ्याकडं आली… तरी त्या टेकाडांवरून बोट फिरवताना पोटात तीच आग पडते.