तळवा खाली धरलेला सलाम

एका खऱ्या नाविकाला मी चारचौघांत खोटं पाडलं, ही चूक माझीच. ऐंशीच्या दशकात मी समुद्रापासून शेकडो कोस दूर, पोंभुर्ण्याजवळच्या जंगलातल्या लाकूड डेपोत कारकून होतो. तो तिथे सागाचे लठ्ठे दोराने ट्रकवर बांधायचा आणि प्रत्येक गाठीवर दोनदा थाप द्यायचा.

एकदा टपरीवर मी पेपर वाचून दाखवत होतो. अमेरिका आणि रशिया हिंदी महासागरात तळ आणि मित्रदेश जमवत होते.

तो म्हणाला, "मी नेव्हीत होतो. एकाहत्तरच्या लढाईमंदी अमेरिकेचा ताफा उपसागरात घुसला, तवा आमचं जहाज तिथीच होतं."

"काऊन भाऊ, वैनगंगेतून गेलते का?" मी म्हणालो. सगळे हसले.

त्याने चहा संपवला. "रशिया दोस्त होता, पन त्याच्या जहाजांची वाट पाहत बसलो नाई. भेव लागलं, बाबू. पन जहाज वळवलं नाई."

प्रजासत्ताक दिनी डेपोत झेंडावंदन झालं. त्याने हाताचा तळवा जमिनीकडे धरून सलाम केला. कॉलेजात एनसीसी केलेला मी ओरडलो, "तळवा समोर पाहिजे! सलाम येत नाई, अन् म्हणे नेव्हीत होतो!"

पाहुणे म्हणून आलेले निवृत्त सुभेदार माझ्याकडे वळले. "बाबू, तळवा समोर धरतात तो सलाम आम्हा लष्करवाल्यांचा. हा नौदलाचा सलाम आहे." मग त्यांनी स्वतःच त्याला कडक सलाम ठोकला.

आमच्या झाडीतला माणूस एवढ्या मोठ्या ताफ्यासमोर उभा राहिला होता. अभिमानाने माझा ऊर भरून आला आणि शरमेने मान खाली गेली. मी त्याच्यापुढे जाऊन हात जोडले.

"भाऊ, मी तुमाले सगळ्यांसमोर हसलो. माफी बी सगळ्यांसमोरच मागतो."