बोटं दाबून तार देणारा

अकोल्याच्या वाद्यांच्या दुकानात मी दोन इलेक्ट्रिक गिटारी लटकवून असा शिरलो, जणू सारं वऱ्हाड माझ्याच तालावर नाचत होतं.

"संध्याकाळी अमरावतीला मेव्हणीच्या हळदीत वाजवायचंय. दोन्हींना बारा नंबर, सगळ्यात जाड तारा!" मी गरजलो. सासरवाडीवर छाप पाडायची होती.

म्हाताऱ्या दुकानदाराने गिटारींकडे नुसती नजर टाकली आणि संत्रं चाचपावं तशी माझी बोटं दाबली. "भाऊ, लांब मानेचीवर तार जास्त तानते, तिले बारीक नऊ नंबर, आखूड मानेचीले दहा. तुमचे बोटं लोन्याचे हायेत."

"बाराच द्या!"

"हळदीत वाजवून राहिले ना? मंग न्या. औषध तिथंच हाये."

तो हसलासुद्धा नाही. दुसऱ्याच गाण्यात माझी बोटं सोलली, आणि नवरीच्या आधी सासूबाईंनी मला हळद लावली.