दादांच्या जमिनीची युनिटं

प्राप्तिकर वाचवायचा म्हणून मी वडलांच्या जमिनीचा पैसा माझ्या नावावर करून घेतला, आणि त्या काळी मला एक पैचाही प्राप्तिकर लागत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगितलं तर वाचणाऱ्याला वाटेल की मी काही लपवत होतो. आणि मी लपवलं नाही असंही नाही.

आमचं गाव मुळा नदीच्या काठाला होतं. ते धरणात गेलं. त्याबद्दल लोक डोळ्यांत पाणी आणून बोलतात, मला तसं बोलता येत नाही. मी तेव्हा राहुरीला नोकरीला लागलेलो होतो आणि गावाकडे जायला एसटी नीट नव्हती याचाच मला जास्त राग यायचा. दादांची, म्हणजे माझ्या वडलांची, साडेआठ एकर जिराईत आणि नदीकडेची दीड एकर भिजणारी जमीन गेली. नव्या गावठाणात घरासाठी जागा मिळत होती, ती त्यांनी आपल्या धाकट्या भावाला देऊन टाकली आणि आईला घेऊन माझ्याकडे राहुरीला आले. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. नुकसानभरपाईचे नऊ हजार सहाशे रुपये मिळाले. त्या कागदावर सही करायची म्हणून दादा सही शिकले होते. अंगठा देऊन जमीन द्यायची नाही, असं म्हणाले होते.

मी कृषी विद्यापीठाच्या बियाणं भांडारात कारकून होतो. काम पोती मोजण्याचं, पण बसायची जागा साहेबलोकांच्या खोलीला लागून. तिथं मार्च महिना आला की एकच विषय असायचा, कर कसा वाचवायचा. आमचे अकाउंटंटसाहेब या बाबतीत फार तयारीचे. त्यांनी मला एकदा युनिटांबद्दल समजावून सांगितलं. सरकारी ट्रस्ट आहे, हजारो लोकांचे पैसे एकत्र करतो आणि शंभर कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतो. मध्ये दलाल नाही, खर्च जवळजवळ नाही. एखादी कंपनी बुडाली तरी बाकीच्या तारतात. लाभांश हातात न घेता त्याचीच आणखी युनिटं घेतली की वीस वर्षांत आपोआप झाड वाढतं. वर आणि त्या उत्पन्नावर प्राप्तिकरात सवलत. साहेब म्हणाले, जुलैत घ्या, तेव्हा भाव कमी असतो.

मला ते इतकं आवडलं की मी रात्रंदिवस त्याचाच विचार करायला लागलो. माझ्याकडे साठलेले दोनशे रुपयेही नव्हते. पण घरात नऊ हजार सहाशे होते.

दादांचा बेत वेगळा होता. कालवा येणार होता. कालव्याखाली तीनचार एकर मिळाली तर घ्यायची, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. जेवण झालं की ते कालव्याच्या खोदकामाच्या कडेकडेनं लांबवर चालत जायचे आणि संध्याकाळी आईला सांगायचे की अमक्याच्या रानात मुरूम वर आलाय, तमक्याची माती काळी आहे पण बांधाला हरळी फार. मी म्हणायचो, जमीन एका रात्रीत सरकार घेऊन जातं हे आत्ताच पाहिलंत ना. हा माझा हुकमी एक्का होता आणि मी तो पुन्हा पुन्हा टाकला. आज आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

शेअर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. आमच्या भागात कोणाला ठाऊक नाही? शेअर म्हणजे साखर कारखान्याचा. शेअर असला की ऊस जातो, सभेला बोलावणं येतं, दिवाळीला स्वस्तात साखर मिळते, आणि कारखान्याचं धुराडं चार कोसांवरून दिसतं. दादांनी मला विचारलं, तुझ्या शेअरचा कारखाना कुठं आहे. मी म्हटलं, एक नाही, शंभर आहेत, मुंबईला, कलकत्त्याला. मग साखर? साखर नाही. त्यांना ते काही पटेना. शेवटी मी म्हटलं, दादा, तुम्ही बाजरी पेरताना नुसती बाजरी पेरायचात का?

दादांनी बोटांवर मोजलं. मग म्हणाले, "मंजी बाजरीत हुलगा, मटकी टाकल्यावानी. पाऊस दगा देऊन एक गेलं तर दुसरं हाय."

तसंच, मी म्हटलं. मला स्वतःच्या हुशारीचा केवढा अभिमान वाटला. बायकोला दोनदा सांगितलं. साहेबांनाही सांगितलं आणि ते म्हणाले, वा, हे मी इतरांना सांगेन. दादा त्या एका उदाहरणानं फसले. फसले हाच शब्द बरोबर आहे. हुलगा त्यांच्या रानात उगवत होता, तो त्यांना दिसत होता.

अर्ज भरायला आम्ही पडवीत बसलो. नावाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. दादा वाचायला शिकले नव्हते, पण स्वतःच्या नावाचं वळण ओळखायचे. ते म्हणाले, "ह्यात माझं नाव न्हाई."

मी समजावलं की तुमच्या नावावर घेतली तर कराची सवलत मिळणार नाही, सवलत पगारदाराला असते, आणि पैसा घरातलाच, नाव कोणाचं का असेना. त्यांनी बरं म्हटलं. बँकेतून पैसे काढायच्या चिठ्ठीवर मात्र त्यांचीच सही लागत होती. ती त्यांनी केली, सावकाश, जीभ दातात धरून. त्या जुलैत दादांच्या नऊ हजारांची युनिटं माझ्या नावावर झाली. सहाशे आईच्या डब्यात राहिले.

पुढच्या मार्चमध्ये मी ऐटीत साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, माझीही सवलत धरा. त्यांनी माझ्या पगाराचा आकडा पाहिला आणि ते हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमानंच हसले. म्हणाले, "अहो, तुमच्या पगाराला कर लागतच नाही. सवलत कशातून कापू?" खोलीतले बाकीचेही हसले आणि मीही हसलो. मग त्यांनी स्वतःहून सांगितलं की वडलांच्या नावावर बदलून घ्या, त्याचा फॉर्म असतो. फॉर्म मी आणला. घरी आणून ट्रंकेत ठेवला. तो का भरला नाही याचं उत्तर मी स्वतःला कितीतरी वेळा दिलंय आणि प्रत्येक वेळी वेगळं दिलंय. आळस होता. लाजही होती, कारण भरायचा तर दादांना सांगावं लागलं असतं की त्यांचं नाव न घालण्याचं जे कारण मी दिलं ते खोटं होतं. आणि खरं सांगायचं तर सर्टिफिकेटवर टाइप केलेलं माझं नाव मला आवडत होतं.

त्याच वर्षी, बहात्तरच्या मे महिन्यात, दादा दुपारचे घामाघूम होऊन आले. कालव्यापासून दोन शेतं सोडून तीन एकराचा तुकडा विकायला निघाला होता. मालकाला मुलगा नव्हता, तो राहात्याला जावयाकडे निघाला होता, पाऊस आदल्या वर्षीही झाला नव्हता आणि त्याचा धीर सुटला होता. साडेआठ हजारांत देतो म्हणाला. दादा त्या मातीचं ढेकूळ उपरण्यात बांधून घेऊन आले होते. ते त्यांनी पाण्याच्या तांब्याजवळ ठेवलं, बोटांनी फोडलं आणि मला हात लावून बघ म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं तेव्हाही मागितल्यासारखं बोलले नाहीत. युनिटं परत देऊन पैसे किती दिवसांत येतात, एवढंच विचारलं.

मी हिशेब मांडला. युनिटं आत्ता परत दिली तर घेतलेल्या भावापेक्षा कमी भाव मिळणार. शिवाय वर्षाचा लाभांश बुडणार. जूनमध्ये ट्रस्टच्या वह्या बंद होतात, जुलैत लाभांश लागतो. सहासातशे रुपयांचा फरक. माझा तीन महिन्यांचा पगार. मी म्हटलं, दादा, फक्त जुलैपर्यंत थांबा. मालकाला सांगा, दोन महिन्यांनी रोख देतो.

"तो थांबायचा न्हाई," दादा म्हणाले.

मी म्हटलं, या दुष्काळात त्याला दुसरं गिऱ्हाईक कोण मिळणार आहे?

हे वाक्य मी बोललो. दादांनी फोडलेली माती उपरण्यात परत बांधली. ते भांडले असते, पैसा माझा आहे म्हणाले असते, तर मी तक्रार करत का होईना पण युनिटं मोडली असती, असं मला वाटतं. पण ते म्हणाले नाहीत. पैसा त्यांचा आहे असं कोणत्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं, आणि कागदावर नसलेलं बोलायचं नाही ही त्यांची सवय होती. शेताच्या बांधासाठी भाऊबंदांशी वीस वर्षं वाद घालणारा माणूस माझ्यापुढे गप्प बसला.

जून लागायच्या आत तो तुकडा कंत्राटं घेणाऱ्या नगरच्या एका गुत्तेदारानं घेतला. जुलैत लाभांश आला, मी त्याची आणखी युनिटं घेतली आणि पत्र दादांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या पावसाळ्यात पाऊसच झाला नाही. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, पूर्वेकडची कुटुंबं बिऱ्हाडं घेऊन ऊसतोडीला गेली ती परतलीच नाहीत. गुत्तेदाराच्या तुकड्याला मात्र कालव्याचं पाणी मिळालं. त्यानं ऊस लावला. दीड वर्षात त्या पट्ट्यातल्या जमिनीचा भाव तिपटीवर गेला. माझी युनिटं वाढली नाहीत असं नाही. दर वर्षी थोडी थोडी, ठरल्याप्रमाणे वाढली. साहेबांनी सांगितलेली एकही गोष्ट खोटी निघाली नाही.

दादा त्या गुत्तेदाराच्या उसात खुरपायला जायला लागले. मला ते भांडारात एका हमालाकडून कळलं. मी तडक तिकडे गेलो. ते बायकांच्या रांगेत बसून खुरपत होते, रांगेत ते एकटेच पुरुष. मी बांधावर उभा राहून बोलावलं तेव्हा हातातली वाफ्याची कड पुरी करून आले. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. लोक काय म्हणतील, कारकुनाचा बाप रोजानं जातो, घरात कमी काय आहे, हे सगळं बोललो. त्यांनी खुरप्याची माती अंगठ्यानं काढली.

"पगार तुझा हाय. युनिटं तुझी हायती," ते म्हणाले. "मातीत बसू दे मला. दुसरं काय ऱ्हायलंय?"

मी परत आलो. सायकल हातात धरून चालत आलो. त्या दिवशी तरी तो फॉर्म ट्रंकेतून काढायला हवा होता. काढला नाही. आता नाव बदलून तरी काय होणार, असं म्हणून सोडून दिलं. उशीर झाला असं म्हटलं की काही करावं लागत नाही, याची मला तेव्हापासून सवय लागली.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत दादा गेले. चार दिवस छातीत दुखत होतं, पाचव्या दिवशी गेले. तेरावं झालं आणि आई म्हणाली, आता तलाठ्याकडे जाऊन ये. आमच्याकडे हे ठरलेलं असतं. माणूस गेला की थोरल्या मुलानं मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे जायचं. तलाठी सातबाऱ्यावर मयताच्या नावाला कंस करतो आणि खाली वारसांची नावं लावतो. दादांनी त्यांच्या वडलांच्या वेळी हे केलं होतं, आजोबांनी त्यांच्या वडलांच्या वेळी. आईला जमीन गेल्याचं माहीत नव्हतं असं नाही. पण माणूस गेल्यावर जे करायचं असतं ते करायचं असतं, एवढंच तिला समजत होतं. मी तिला समजावत बसलो नाही, दाखला घेऊन गेलो.

तलाठी तरुण होता, माझ्यापेक्षा लहान. त्यानं आमच्या गावाचं दप्तर काढलं. गावाचे गट धरणाच्या नावावर लागलेले होते. नव्या गावठाणाचं पुस्तक पाहिलं, तिथं चुलत्याचं नाव. राहुरीचं पाहिलं. मग दाखला माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "मयताच्या नावावर कुठं काहीच न्हाई. नोंद कशाची घालू?"

बाहेर चार माणसं रांगेत उभी होती. मी दाखला घडी करून खिशात घातला. ट्रस्टला कळवावं का, असा एक विचार आला. पण तिथं कळवण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांच्या लेखी कोणी मेलेलं नव्हतं.

घरी आई उंबऱ्यात बसली होती. तिनं विचारलं, "केला का रे कंस त्यांच्या नावाला?"

मी हो म्हटलं. तिनं हात जोडले आणि आत गेली.