पाइपाला तेल नको

गाडी टो होऊन आमच्या चिखलीच्या गॅरेजमध्ये आली, आणि गायकवाडकाकांनी उतरल्या उतरल्या निदान करून टाकलं.

“ताई, टर्बो गेलाय. नवा टाका.”

काका कारखान्यात लेथ मशिनवर टर्नर होते, तिथून रिटायर झालेले. महाळुंग्याच्या एका कंपनीचा स्टाफ ने-आण करायला त्यांनी ही डिझेल गाडी घेतली. ती आजची धरून दोनदा चढावर बसली, लोक शिफ्टला उशिरा पोचले. कंपनीच्या ॲडमिनने बजावलं होतं, आणखी एकदा झालं तर काँट्रॅक्ट बंद. काकांचं घर त्यावरच चालायचं.

मी बॉनेट उघडलं. टर्बो बिचारा ठणठणीत होता. निघाला होता त्याचा पाइप. टर्बो हवा दाबून पाइपातून इंजिनाला देतो. रबरी पाइप धातूच्या नळीवर चढवतात आणि वरून क्लॅम्प, म्हणजे पत्र्याचा पट्टा, आवळतात. पाइप निघाला की हवा बाहेर जाते, काळा धूर येतो आणि गाडीतला दम संपतो.

“क्लॅम्प मीच आवळलाय,” काका म्हणाले.

इतका आवळला होता, की पट्टा रबरात रुतला होता. तरी पाइप निघतो कसा? मी नळीवरून बोट फिरवलं. या पाइपांच्या आत थोडं तेल दिसतंच, पण इथं तर बाहेरून चोपडलेलं होतं.

“काका, तेल कोणी लावलं?”

“मी. दर रविवारी पाइप काढतो, पुसतो, तेल लावून बसवतो. तेलाबिगर आमी कुठलं मशिन चालूच केलं न्हाई.”

“म्हणून तर निसटतो. आतून हवेचा जोर, जोडाला तेल. क्लॅम्प धरणार कशाला?”

काकांनी आपले तळहात पाहिले. मग म्हणाले, “म्हंजी माझ्याच हातानं व्हय?”

मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. माणूस गाडीची सेवा करत होता हो.

रबर कापलं गेलं होतं, म्हणून पाइप नवा घेतला. दोन्ही टोकं क्लीनरने पुसून कोरडी केली. नळीच्या तोंडाशी उंचवटा असतो. पाइप त्याच्या पलीकडपर्यंत चढवून क्लॅम्प उंचवट्याच्या मागे बसवला आणि बेतानेच आवळला. पाइप चढताना अडलाच तर पाण्याचा हात लावावा, ते वाळून जातं. शेवटी जोडाला साबणाचं पाणी लावून आत हवा भरली. बुडबुडा आला नाही.

गाडी पुन्हा बसली नाही, काँट्रॅक्टही टिकलं. दसऱ्याला काका झेंडूचा हार घातलेली गाडी घेऊन आले. बॉनेट उघडून हातात कुंकवाची पुडी धरून उभे राहिले.

“ताई, हे चालंल नव्हं?”

“चालेल. फक्त पाइपाचा जोड वगळून लावा.”