तळ्याच्या चढावरची बस

गल्लीत सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी हाक तीच. तळ्याच्या यात्रेची बस सव्वीस वर्षं त्यांनीच चालवली. सकाळी निघायचं, घाट चढायचा आणि अकराच्या सुमारास वरच्या फाटकापाशी गाडी लावायची. पुढे दोनशे पायऱ्या, आणि खाली झाडांआड ते पवित्र तळं. माणसं आंघोळीला, दर्शनाला उतरत. काका मात्र गाडीतच थांबत. जागा उताराची. पहिल्याच फेरीला कुणाची तरी रिकामी गाडी तिथून घरंगळत जाऊन झाडाला अडकलेली त्यांनी पाहिली होती. तेव्हापासून चाकामागे दगड लावायचा आणि वर स्वतः सीटवर ठाण मांडायचं. सोबतचे ड्रायव्हर चेष्टा करत, "देव खाली आणि पुजारी स्टिअरिंगवर!"

घरी काकू शिलाई मशीनवर बसलेल्या असत. पहिल्या फेरीनंतर त्यांनी विचारलं, "कसं आहे हो तळं?" नवं लग्न. "पाहिलंच नाही" म्हणायला काकांची जीभ रेटेना. परतीच्या वाटेवर प्रवासी बोलत होते, तेच त्यांनी मीठमसाला लावून सांगितलं. एकदा थाप मारली की ती निभवावी लागते. मग दर खेपेला नवं काहीतरी. पायाला गुदगुल्या करणारे मासे झाले, दुपारी रंग बदलणारं पाणी झालं, आणि मधल्या खडकावर एक इवलंसं देऊळही उभं राहिलं. काकू मशीन थांबवून ऐकत. त्यांचं स्वतःचं जाणं काही जमलं नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि दोन मुली शाळेत.

काका निवृत्त झाले त्याच आठवड्यात काकू म्हणाल्या, "आता मला न्या. तुम्हाला तर तिथला कोपरा न् कोपरा पाठ आहे."

गेले दोघं, प्रवासी म्हणून. काकू भराभर पायऱ्या उतरत होत्या, काका मागून पाय ओढत होते. शेवटच्या वळणावर तळं दिसलं. मोठं, हिरवट, शांत. देऊळ होतं, पण काठावर.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. "अहो, ते मधलं देऊळ कुठंय?"

"अगं, मी कधी इथवर उतरलोच नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

काकू पायरीवर बसल्या. आता वीज कोसळणार, असं काकांना वाटलं.

"मग मासे?"

"ते लोकांनी सांगितलेले."

"आणि देऊळ?"

"ते... माझं."

काकूंना असं हसू फुटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. "सव्वीस वर्षं! अहो, ड्रायव्हर कशाला झालात, कथेकरीच व्हायचं होतंत!" मग हळूच म्हणाल्या, "आईंचं सगळं करताना जीव मेटाकुटीला यायचा ना, तेव्हा त्या देवळात जाऊन बसायचे मी. मनातल्या मनात."



दोघं पाण्यात उतरले. काकांना पोहता येत नव्हतं. ते काठची साखळी घट्ट धरून उभे राहिले. काकूंनी तीन बुड्या मारल्या.

"काही मागितलंत का?"

"सुचलंच नाही गं."

"राहू द्या. मी दोघांचं मागून घेतलंय."

त्यानंतर आणखी तीन वर्षं ते जात राहिले. मग काकूंना दम्यानं गाठलं, आणि एका हिवाळ्यात त्या गेल्या. त्यांनी काय मागितलं होतं, हे काकांनी कधी विचारलं नाही. आता कुणी तळ्याबद्दल विचारलं, तर काका फार काही सांगत नाहीत. "पाणी बर्फासारखं," ते म्हणतात. "तिचे दात वाजत होते, तरी बाहेर यायला तयार नव्हती."